तारवाला दोषी, की तार पाठवणारा? तीन निकाल, शोधनिबंधासारखे वाचून



शोधनिबंध वाचायला बसलं की चार प्रश्न हाताशी ठेवायचे, हे आपण इथे पुन्हापुन्हा घोकलं आहे. लेखकाने प्रश्न नेमका कोणता घेतला? गृहीत काय धरलं? पुरावा कुठला दिला? आणि निष्कर्ष त्या पुराव्याच्या किती पुढे पळाला? आज हेच चार प्रश्न घेऊन मी परक्या रानात शिरतेय. मी विज्ञानाची पदव्युत्तर. पीएचडीत संदेशवहनाच्या जाळ्यांवर काम करते. त्या वाचनात न्यायालयाचे निकाल सारखे आडवे येतात, आणि सुरुवातीला आपल्यासारखी विज्ञानवाली मंडळी ते बाजूला सारतात. मला वाटतं तसं करू नये. निकाल हाही एक युक्तिवादच असतो. त्यात गृहीतकं असतात, उपमा असतात, आणि कधी कधी आकडा न देता केलेली आकड्यांची विधानंही असतात.

आजचा प्रश्न साधा आहे. ग्राहकाने पैसे दिले, मजकूर दिला, व्यवसायाने तो पोचवला. मजकूर निघाला अपमानाचा, बदनामीचा, धमकीचा. पाठवणारा दोषी हे उघडच आहे. पण पोचवणारा? तार कंपनी, टेलिफोन कंपनी, एसएमएस पाठवून देणारी एजन्सी, फेसबुक, व्हॉट्सॲप, यांचं काय?

यावर तीन निकाल घेऊ: मिनेसोटा १८९६, न्यूयॉर्क १९७४ आणि आपलं सर्वोच्च न्यायालय २०१५. तिघांचा निष्कर्ष मी सांगणारच आहे, पण मला जास्त रस आहे तो ते निष्कर्षापर्यंत कसे पोचले यात. आणि माझं मत आधीच सांगून टाकते: तिसरा निकाल बरोबर जागी पोचला, पण त्याने निवडलेला रस्ता कच्चा आहे. त्या कच्च्या रस्त्याची किंमत आज वेगळीच माणसं मोजतात.

आधी एक व्याख्या

बदनामीच्या कायद्यात ‘प्रकाशन’ या शब्दाचा अर्थ आपल्या नेहमीच्या अर्थापेक्षा वेगळा आहे. छापखाना लागत नाही. तुमच्याबद्दलचा बदनामीकारक मजकूर तुमच्याखेरीज तिसऱ्या कुणा एकाला कळला, की प्रकाशन झालं. मी तुम्हाला बंद पाकिटात शिव्या लिहून पाठवल्या आणि त्या फक्त तुम्ही वाचल्या, तर नागरी दाव्याच्या अर्थाने बदनामी होत नाही, कारण तुमची पत तिसऱ्याच्या नजरेत घसरली नाही. म्हणजे टपाल खातं इथे सुटतं: पाकीट बंद, पोस्टमनने वाचलंच नाही.

तारेचं मात्र तसं नाही. तार जायची तर ती कारकुनाने वाचावीच लागते. एकाने वाचून कट्ट-कडकट्ट करायचं, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याने ऐकून लिहून काढायचं. पोचवणं आणि वाचणं ही एकच क्रिया. सगळा घोळ इथून सुरू होतो.

पहिला निकाल: मिनेसोटा, १८९६

पीटरसन विरुद्ध वेस्टर्न युनियन. मिनेसोटा राज्यात एका गृहस्थाला तार आली. मजकूर जेमतेम पाच-सात शब्दांचा. मराठीत सांगायचं तर साधारण ‘सटकू सॅम, तुझं नाव पँट’ अशा धर्तीचा. पाठवणाऱ्याने स्वतःचं नाव घातलं नव्हतं. ‘नाव पँट’ म्हणजे काय, हे आज वाचणाऱ्याला धड लागत नाही. पण टोमणा आहे, आणि तोही निनावी, हे न समजण्यासारखं नाही. गृहस्थाने दावा ठोकला तो तार कंपनीवर.

कंपनीचा बचाव अपेक्षित होता. आम्ही फक्त वाहक आहोत, आलेली तार पाठवणं हे आमचं कर्तव्य, मजकूर आमचा नाही. न्यायालयाने कंपनीला तेवढ्यावर मोकळं सोडलं नाही. एका गावच्या कारकुनाने दुसऱ्या गावच्या कारकुनाला मजकूर कळवला, हेच प्रकाशन. आणि मजकूर असा, की नुसता बघून कारकुनाच्या लक्षात यायला हवं होतं.

आता आपले चार प्रश्न. प्रश्न नेमका होता: प्रकाशन झालं का, आणि कंपनीला कळायला हवं होतं का? गृहीतक: माणूस वाचतोय, म्हणजे त्याला कळतंय. पुरावा: खुद्द तारेचा मजकूर. ‘बघताक्षणी कळतं का’ ही कसोटी इथे वापरली गेली. ही कसोटी डोक्यात ठेवा. शेवटी तिची गरज पडणार आहे.

कमजोरी कुठे? कारकून एकामागून एक तारा पाठवतोय. वाचणं आणि मजकुराचा अर्थ लावणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. टंकलेखन केलेल्या कुणालाही विचारा: पानभर टाइप होतं आणि काय लिहिलं होतं ते आठवत नाही. न्यायालयाने या दोन गोष्टी एक मानल्या. पुढच्या काळात अमेरिकेतल्या न्यायालयांनी ही कसोटी सैल केली. तार कंपनीला मजकूर खोटा असल्याचं आणि पाठवणाऱ्याला तो पाठवायचा अधिकार नसल्याचं कळायला जागा असेल, तरच ती जबाबदार, असं वळण पडलं. म्हणजे ‘वाचलं’ इथून सरकून ‘जाणलं’ इथे आलो.

दुसरा निकाल: न्यूयॉर्क, १९७४

अँडरसन विरुद्ध न्यूयॉर्क टेलिफोन कंपनी. एका माणसाने टेलिफोन कंपनीकडून भाड्याने यंत्रणा घेतली आणि तिच्यावर ध्वनिमुद्रित भाषण लावून ठेवलं. कुणीही त्या क्रमांकावर फोन करावा आणि एका बिशपच्या चारित्र्यावरची चिखलफेक ऐकावी. बिशपने कंपनीकडे तक्रार केली. कंपनीने जोडणी तोडली नाही.

इथे ‘माहीत नव्हतं’ हा बचाव उरत नाही, कारण तक्रार पोचली होती. खालच्या अपील न्यायालयातल्या बहुमताला कंपनी जबाबदार ठरू शकते असं वाटलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि खालच्या न्यायालयातल्या अल्पमताच्या बाजूने कौल दिला. कारण? टेलिफोन कंपनीने प्रकाशनच केलं नाही. तिने साधन भाड्याने दिलं. सहमतीच्या मतपत्रात उपमा आली: भाड्याच्या टाइपरायटरवर कुणी बदनामीचा मजकूर टाइप केला, किंवा भाड्याच्या झेरॉक्स यंत्रावर त्याच्या प्रती काढल्या, तर यंत्र भाड्याने देणारी कंपनी प्रकाशक ठरते का? नाही ना? मग टेलिफोन कंपनीही नाही.

वाचताना पटतं. आणि पटतं म्हणूनच इथे थांबायचं.

उपमेने सिद्ध काय होतं? दोन वस्तू एका गुणात सारख्या आहेत, एवढंच. निकालाला लागणारा गुण तोच आहे का, हे उपमा सांगत नाही. टाइपरायटर एकदा दिला की कंपनीचा हात सुटतो. दहा गावं पलीकडच्या यंत्रावर काय चाललंय ते तिला कळत नाही, आणि कळलं तरी बसल्या जागी थांबवता येत नाही. टेलिफोनची जोडणी मात्र दर सेकंदाला कंपनीच्याच तारेवर जिवंत आहे. ती एका खटक्याने बंद होते. ‘साधन दिलं’ या गुणात दोन्ही सारखे. ‘अजूनही हातात आहे’ या गुणात दोन्ही विरुद्ध. न्यायालयाने पहिला गुण घेतला. दुसरा का सोडला, याचं उत्तर उपमेच्या आत मिळत नाही.

पण निष्कर्ष चूक होता असं मी म्हणत नाही. टेलिफोन ही जीवनावश्यक सेवा. तक्रार आली की जोडणी तोडायची, असं झालं तर कुणाचाही फोन कुणाच्याही अर्जावर बंद पडेल. हे कारण भक्कम आहे, आणि निकालाचं खरं वजन त्याच्यावरच पेलायला हवं होतं. टाइपरायटरच्या उपमेने ते कारण मागच्या बाकावर ढकललं. तुमच्या प्रबंधात एखादी उपमा फार गोड लागली, तर आधी ती काढून बघा. खालचा युक्तिवाद उभा राहतो का ते तपासा. राहिला, तर उपमा खुशाल परत ठेवा.

मधला तिढा: डोळे उघडे ठेवणाऱ्यालाच फटका

तिसऱ्या निकालाकडे जाण्याआधी एक वळसा घ्यावा लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

१९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयापुढे कॉम्प्युसर्व्ह ही संगणकीय सेवा आली. ती मजकूर तपासत नव्हती. न्यायालय म्हणालं, ही पुस्तकविक्रेत्यासारखी, माहीत नव्हतं म्हणून जबाबदार नाही. १९९५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या न्यायालयापुढे प्रॉडिजी ही दुसरी सेवा आली. तिने नियम केले होते, अर्वाच्य शब्द गाळणारी आज्ञावली बसवली होती, देखरेखीला माणसं ठेवली होती. न्यायालय म्हणालं, तुम्ही संपादकासारखं वागता, म्हणजे तुम्ही प्रकाशक, म्हणजे जबाबदार.

दोन निकाल शेजारी ठेवून बघा. दुकान झाडणाऱ्याला दंड आणि कचरा तसाच ठेवणाऱ्याला सूट! शहाणा व्यापारी यातून एकच धडा घेईल: काहीही वाचू नका. ‘जाणलं तर जबाबदार’ हा नियम ऐकायला न्याय्य वाटतो, पण तो माणसाला न जाणण्याचं बक्षीस देतो. मोजमाप सुरू केलं की मोजली जाणारी गोष्टच बदलते, हा अनुभव प्रयोगशाळेतल्या मंडळींना नवा नाही. इथे कायदाच ते मोजमाप होता.

या तिढ्यावर अमेरिकेने १९९६ मध्ये कलम २३० आणलं: सेवा देणाऱ्याला दुसऱ्याच्या मजकुराचा प्रकाशक मानायचं नाही, आणि त्याने सद्भावनेने साफसफाई केली तर त्याबद्दलही धरायचं नाही. लगेच १९९७ मध्ये झेरान खटल्यात याची दुसरी बाजू दिसली. ओक्लाहोमा शहरातल्या बॉम्बस्फोटाची थट्टा करणाऱ्या खोट्या जाहिराती कुणीतरी एका माणसाच्या फोन क्रमांकासह टाकल्या. त्याचा फोन धमक्यांनी अखंड वाजत राहिला. त्याने सेवा कंपनीला कळवलं होतं. तरीही न्यायालय म्हणालं, कळवल्याने जबाबदारी येत नाही. आणली, तर कंपन्या प्रत्येक तक्रारीला घाबरून मजकूर काढत सुटतील.

म्हणजे एका टोकाला ‘वाचलं की अडकला’, दुसऱ्या टोकाला ‘कळवलं तरी सुटला’. भारताला यांच्या मध्ये कुठेतरी उभं राहायचं होतं.

तिसरा निकाल: दिल्ली, २०१५

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नव्हता. २००४ मध्ये बाझी डॉट कॉमवर एका विक्रेत्याने अश्लील चित्रफीत विकायला ठेवली आणि अटक झाली संकेतस्थळाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २००८ च्या दुरुस्तीत कलम ७९ नव्याने लिहिलं गेलं: मध्यस्थाने संदेश स्वतः सुरू केला नसेल, तो कुणाला जावा हे निवडलं नसेल, मजकूर निवडला वा बदलला नसेल, आणि योग्य काळजी घेतली असेल, तर तो जबाबदार नाही. मात्र ‘प्रत्यक्ष माहिती’ मिळूनही मजकूर काढला नाही, तर संरक्षण जातं. त्याच दुरुस्तीने कलम ६६अ सुद्धा आणलं: ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा धमकीवजा संदेश पाठवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद.

६६अ ने काय केलं ते महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे यांचं निधन, मुंबई बंद. पालघरच्या एका तरुणीने बंदबद्दल फेसबुकवर नाराजी लिहिली, दुसरीने ती ‘लाइक’ केली. दोघींना अटक. त्यातून श्रेया सिंघल खटला उभा राहिला, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६६अ रद्द केलं.

निकालाचा हा भाग मी कुठल्याही विद्यार्थ्याला मुद्दाम वाचायला देईन. न्यायालय या कलमाची वंशावळ शोधत ब्रिटनच्या १९३५ च्या पोस्ट ऑफिस दुरुस्ती कायद्यापर्यंत जातं. मग एक अप्रतिम युक्तिवाद येतो. ब्रिटनमध्ये एका माणसाने खासदाराच्या कार्यालयात फोनवर वांशिक शिवीगाळ केली. तो मजकूर ‘अत्यंत आक्षेपार्ह’ आहे का? खालच्या न्यायालयाने नाही म्हटलं, वरच्यानेही नाही म्हटलं, आणि २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हो म्हटलं. मजकूर तोच, तज्ज्ञ न्यायाधीशांची उत्तरं उलटसुलट. मग सामान्य माणसाने, पोलिसाने काय ओळखायचं? शब्दच संदिग्ध आहे. विज्ञानाच्या भाषेत, दोन प्रशिक्षित निरीक्षक एकाच नमुन्यावर वेगळं माप देत असतील, तर दोष निरीक्षकांचा नाही, मोजपट्टीचा आहे.

आता त्याच निकालातला कलम ७९ चा भाग. हा मोजक्या परिच्छेदांत आटोपतो. न्यायालय म्हणतं, ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना. कुणा व्यक्तीचं तक्रारपत्र म्हणजे प्रत्यक्ष माहिती नव्हे. २०११ च्या नियमांत बाधित व्यक्तीने लेखी कळवल्यावर ३६ तासांत कार्यवाहीची तरतूद होती. तिलाही हाच अर्थ लावला गेला. कारण काय दिलं? गूगल-फेसबुकसारख्यांकडे लाखो विनंत्या येतात, त्यांतली योग्य कुठली हे ठरवणं त्यांना फार अवघड जाईल.

इथे माझी टीका.

हे संख्येचं विधान आहे. तपासण्याजोगं आहे. विनंत्या किती, कुठल्या प्रकारच्या, त्यांतल्या किती बघताक्षणी निकाली निघतात आणि किती खोलात जाऊन बघाव्या लागतात, यावर ते खरं किंवा खोटं ठरतं. त्याला आधार म्हणून एकही आकडा त्या परिच्छेदांत नाही. शिवाय ते सगळ्यांना सारखं लागूही होत नाही. गावपातळीवरची एखादी छोटी एसएमएस एजन्सी आणि फेसबुक यांना एकच नियम लागला, कारण दिलं ते फक्त फेसबुकचं.

आणि खरी चुटपुट लागते ती यापुढे. चांगलं कारण न्यायालयाच्या हातातच होतं! काही पानं आधी त्यांनीच दाखवलं होतं की आक्षेपार्ह काय यावर न्यायाधीशांचंही एकमत होत नाही. तोच युक्तिवाद पुढे न्यायचा: जे न्यायाधीशाला ठरवता येत नाही, ते कंपनीच्या कारकुनावर सोपवू नका. यात लाखाचा आकडा लागतच नाही. विनंती एकच आली तरी हे कारण टिकतं.

फरक काय पडतो, असं तुम्ही विचाराल. निष्कर्ष तर तोच ना? नाही, तोच नाही. कारण बदललं की निष्कर्षाची हद्द बदलते. ‘विनंत्या फार आहेत’ हे कारण घेतलं, तर सगळ्या प्रकारच्या तक्रारी एकाच पोत्यात जातात: राजकीय टीका, व्यावसायिक बदनामी, आणि एखाद्या मुलीचं तिच्या नकळत पसरवलेलं नग्न छायाचित्र. ‘ठरवणं कठीण आहे’ हे कारण घेतलं, तर पोतं आपोआप फाटतं. राजकीय टीका आक्षेपार्ह आहे का, हे ठरवणं कठीण. एखाद्या व्यावसायिकाबद्दलचा आरोप खरा का, हेही कठीण, कारण सत्य शोधायला साक्षीपुरावे लागतात. पण ते छायाचित्र? तिथे बघताक्षणी कळतं. आठवली का १८९६ ची कसोटी? तिला कारकुनाच्या वेगाचं भान नव्हतं, पण तिच्याकडे हा भेद होता. २०१५ च्या निकालातून तो गळाला.

याची किंमत त्या मुलीने मोजली. छायाचित्र तासाभरात शाळेच्या, गल्लीच्या, नातेवाइकांच्या गटांत फिरतं. न्यायालयाचा आदेश मिळायला तेवढा वेळ पुरत नाही. २०२१ च्या नियमांनी मूळ रूपात हे थोडं दुरुस्त केलं: नग्नता, लैंगिक कृत्य किंवा तोतयेगिरीची छायाचित्रं यांबाबत खुद्द त्या व्यक्तीने तक्रार केली, तर २४ तासांत काढायचं. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना तो भेद पुन्हा बाहेरून आणावा लागला. निकालाने योग्य कारण निवडलं असतं, तर तो आतूनच निघाला असता. शिवाय अशा भेदाची हद्द कार्यकारी नियमांवर सोडली, की ती कुठवर ताणायची हेही सरकारच ठरवतं. निकालात बसलेली हद्द एवढ्या सहज हलवता येत नाही.

मग कसोटी कुठली?

टीका केली की पर्याय द्यावा, हे मार्गदर्शक आपल्याला सांगतातच. माझ्या मते ‘हा व्यवसाय कशासारखा आहे’ हा प्रश्नच सोडून द्यावा. पोस्टमनसारखा, टाइपरायटरसारखा, पुस्तकविक्रेत्यासारखा, ही सगळी पळवाट आहे. त्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात.

एक: पोचवण्याआधी मजकूर कुणाच्या नजरेखालून गेला, आणि का? तारेचा कारकून वाचत होता, कारण वाचल्याशिवाय तार जातच नव्हती. आजचा ठोक एसएमएस बघा. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार जाहिराती आणि व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याला आपली ओळख आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. तिथे ‘आम्हाला काय माहीत’ म्हणणं अवघड आहे. उलट व्हॉट्सॲपचा संदेश २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद आहे. कंपनीला तो वाचताच येत नाही. एक उघडी तार, दुसरं बंद पाकीट. दोघेही ‘मध्यस्थ’ म्हणून एका ओळीत बसतात खरे, पण त्यांची स्थिती एक नाही.

दोन: संदेश कुणाकडे जावा हे कुणी ठरवलं? कलम ७९ मधला हा निकष मला फार आवडतो, कारण तो उपमेवर नाही, कृतीवर बोट ठेवतो. तार कंपनी पत्ता ठरवत नव्हती. फीडमध्ये मात्र एखादी चिखलफेक दहा जणांना दाखवायची की दहा लाखांना, हे कंपनीची आज्ञावली ठरवते. तिथे ‘आम्ही फक्त पोचवतो’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं.

तीन: कळल्यावर थांबवणं हातात होतं का, आणि थांबवण्याने निरपराध माणसाचं काय जाईल? अँडरसन खटल्यात थांबवणं हातात होतं, पण अख्खा फोन बंद पडला असता. एक चित्रफीत काढण्याने खातं बंद पडत नाही.

या तिसऱ्या प्रश्नाचं एक जवळचं उदाहरण. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात निर्णय दिला की गटातल्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन, दोघांचा समान हेतू दिसल्याशिवाय, फौजदारी गुन्ह्यात जबाबदार ठरत नाही. ॲडमिन हा व्यवसाय नव्हे, हे खरं. पण युक्तिवाद बघा. न्यायालय ‘ॲडमिन संपादकासारखा का’ या उपमेवर वेळ घालवत नाही. ते विचारतं, त्याच्या हातात प्रत्यक्ष काय होतं? माणूस गटात घेणं आणि काढणं. मजकूर टाकला जाण्याआधी तो गाळण्याची सोय त्याला नव्हती. अधिकार मोजला आणि तेवढीच जबाबदारी टाकली. निकाल लहान आहे, पण पद्धत म्हणून मला तो न्यूयॉर्कच्या निकालापेक्षा उजवा वाटतो.

माझ्या कसोटीवरचा आक्षेपही मीच नोंदवते, नाहीतर तोंडी परीक्षेत तुम्ही विचाराल. पहिला प्रश्न पुन्हा प्रॉडिजीच्या खड्ड्यात नेतो: ज्याने बघितलं तो अडकला. म्हणून ‘का बघितलं’ हा अर्धा भाग महत्त्वाचा. साफसफाईसाठी बघितलं, तर ते विरोधात धरू नये. धंद्याच्या सोयीसाठी, दर लावण्यासाठी किंवा पसरवण्यासाठी बघितलं, तर धरावं. हा भेद प्रत्यक्षात नेहमी स्वच्छ निघेल असं नाही. एकच आज्ञावली दोन्ही कामं करत असेल, तर काय? यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही, आणि मला वाटतं पुढच्या कुणाच्या तरी प्रबंधाचा हाच प्रश्न आहे.

तुमच्यासाठी

पेटची तयारी करताना किंवा संशोधन आराखडा लिहिताना यातून तीन कामं करून बघा.

तुमच्या विषयातला एक गाजलेला निबंध घ्या आणि त्यातल्या उपमा अधोरेखित करा. प्रत्येक उपमेने कुठला गुण उचलला आणि कुठला लपवला, ते समासात लिहा.

‘लाखो’, ‘फार’, ‘अवघड’, ‘बहुतेक’ असे शब्द शोधा. प्रत्येकापुढे लिहा: याला आकडा आहे का? नसेल, तर तो मिळवणं हाच तुमचा प्रकल्प असू शकतो.

आणि सगळ्यात शेवटी, निष्कर्ष तसाच ठेवून त्याचं कारण बदलून बघा. ज्या माणसांना त्या निष्कर्षाने संरक्षण मिळत होतं, त्यांची यादी बदलते का? श्रेया सिंघलमध्ये ती बदलली. तुमच्या निबंधात बदलली, तर मला कळवा. पुढच्या लेखात आपण तुमची दोन-तीन उदाहरणं घेऊन बसू.